सावली धरणारा पक्षी

माळेगाव बुद्रुकच्या शिवारात उसाला पाणी चालू आहे की नाही हे दुरूनही ओळखता येते. पाणी सरीतून पुढे सरकू लागले की ढेकळांतले किडे, नाकतोडे, लहान बेडूक जीव घेऊन बाहेर पडतात आणि दारे धरणाऱ्या माणसाच्या पाठोपाठ पांढरेशुभ्र गायबगळे चालू लागतात. नीरा डावा कालव्याच्या काठचे हे दृश्य इतके रोजचे आहे, की कोणी त्याकडे मुद्दाम पाहत नाही. फेब्रुवारीतल्या एका दुपारी अकरावीच्या वर्गात मी घर्षण शिकवीत होतो आणि एक मुलगी खिडकीबाहेर पाहत होती. तिला उभे करून विचारले, "काय पाहतेस?" ती मान खाली घालून म्हणाली, "सर, एवढे बगळे रोज दिसतात, पण बगळ्याचं पिल्लू कधी दिसत नाही. हे अंडी घालतात तरी कुठे?"

वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण मला उत्तर येत नव्हते. भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्याची पंधरावीस वर्षे घालवलेल्या माणसाला दारातल्या बगळ्याचे घर ठाऊक नसावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. घरी येऊन पुस्तके काढली. गायबगळा आपल्याकडे पावसाळ्यात घरटी बांधतो, म्हणजे त्याला अजून तीन-चार महिने अवकाश होता. पण त्याच पुस्तकांतून दुसरी गोष्ट कळली. बगळे, करकोचे, पाणकावळे हे पक्षी सहसा एकेकटे घरटे करीत नाहीत. दहा-वीस, शंभर-दोनशे जोडप्यांची वसाहतच एका ठिकाणी वसते. मारुती चितमपल्ली यांनी अशा वसाहतीला 'सारंगागार' हा शब्द रूढ केला. आणि असे एक सारंगागार, तेही ऐन उन्हाळ्यात गजबजलेले, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर होते.

बारामतीहून भिगवणला जाणारा रस्ता धरावा. भिगवणजवळ, पुणे-सोलापूर महामार्गालगत, इंदापूर तालुक्यात भादलवाडी नावाचे गाव आहे. तेथे एक जुना तलाव आहे. तलावात बाभळी उभ्या आहेत. पाणी भरलेले असले म्हणजे त्यांचे बुंधे पाण्यात असतात आणि शेंडे तेवढे वर दिसतात. त्या शेंड्यांवर हिवाळा सरता सरता चित्रबलाक येतात. कोणी त्याला रंगीत करकोचा म्हणतात. उभा राहिला की उंची सुमारे एक मीटर, पसरलेल्या पंखांची लांबी दीड मीटर, चोच पिवळी व टोकाला किंचित वाकलेली, चेहरा नारिंगी, छातीवर काळा पट्टा आणि शेपटीजवळच्या पिसांवर गुलाबी रंग, जणू पांढऱ्या कपड्यावर रंगपंचमीचा शिंतोडा. त्यांच्या सोबतीला राखी बगळे, पाणकावळे आणि चपट्या चोचीचे चमचे असतात.

आता आमच्या पहिल्या भेटीची हकीकत सांगतो. ती सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगितली पाहिजे.

मार्चअखेरचा रविवार होता. बारा विद्यार्थी, दोन साध्या दुर्बिणी, पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या एवढा सरंजाम घेऊन आम्ही निघालो. पोहोचेपर्यंत साडेअकरा झाले. एका बाजूने पाणी ओसरले होते, त्यामुळे तलावाच्या पोटातून चालत थेट बाभळींच्या जवळ जाता येत होते. आम्ही गेलो. पंचवीस-तीस मीटरवर पोहोचलो तशी एकदम खळबळ झाली आणि सगळी पांढरी झुंबड आकाशात उठली. मुले हरखून गेली. मीही हरखलो. कोणी फोटो काढले, कोणी घरटी मोजली, मी करकोच्याच्या पंखाचा आकार आणि उत्थापक बल यावर दोन शब्द सांगितले. या सगळ्यात वीस मिनिटे तरी गेली असतील. मधेच एक डोमकावळा एका घरट्यावर उतरला आणि काहीतरी पांढरे चोचीत घेऊन गेला.

तेवढ्यात बांधावरून कोणीतरी हाका मारू लागले. काठावर शेत असलेले एक वयस्कर गृहस्थ होते. जवळ गेल्यावर ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "पाखरं उठवू नका मास्तर. तुमच्या डोक्याला टोप्या हायेत. त्या लेकरांच्या डोक्यावर काय हाय?"

आम्ही बांधावर येऊन लिंबाखाली बसलो. दहा मिनिटांनी पक्षी एकेक करून परतले. मी दुर्बीण एका खालच्या फांदीवरच्या घरट्याकडे लावली. करकोचा उतरला, त्याने पंख अर्धवट उघडले, मान वाकवून चोचीने घरट्यात काहीतरी हलवले. एक पिलू डोके वर करून कुरकुरू लागले. दुसऱ्याला त्याने पुन्हा हलवले, पुन्हा हलवले. ते हलले नाही. ती मुलगी माझ्या शेजारी दुसऱ्या दुर्बिणीतून तेच पाहत होती. परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी घर्षणाचा धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर एक उदाहरण मांडले. तुम्हीही वहीत करून पाहा. त्यात नववी-दहावीच्या पलीकडचे काही नाही.

नुकते जन्मलेले, अंगावर विरळ लव असलेले पिलू घ्या. त्याचे वस्तुमान ६० ग्रॅम धरू. काटक्यांवर आडवे पडलेले असताना वरून दिसणारे त्याचे क्षेत्रफळ ४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.००४ चौरस मीटर धरू. आपल्याकडे उन्हाळ्यातल्या स्वच्छ दुपारी जमिनीच्या एक चौरस मीटरवर दर सेकंदाला सुमारे ९०० ज्यूल सौरऊर्जा पडते. तेव्हा पिलावर दर सेकंदाला ३.६ ज्यूल पडतील. त्यांतला चौथा हिस्सा परावर्तित झाला असे मानले तरी २.७ ज्यूल अंगात मुरले. प्राण्याचे शरीर म्हणजे बरेचसे पाणी. त्याची विशिष्ट उष्णता ग्रॅमला ३.५ ज्यूल धरली, तर ६० ग्रॅमच्या पिलाचे तापमान एक अंशाने वाढायला २१० ज्यूल लागतात. २१० ला २.७ ने भागा. उत्तर येते ७८ सेकंद.

म्हणजे सव्वा मिनिटाला एक अंश! पक्ष्याचे शरीर आपल्यापेक्षा मुळातच गरम असते, ४० अंशांच्या आसपास. ४५ च्या पुढे गेले की पक्ष्याच्या जिवाला धोका असतो. मधल्या पाच अंशांना साडेसहा मिनिटे लागतात. तुम्ही म्हणाल, शरीर उष्णता बाहेरही टाकते. खरे आहे, पण आपल्यापेक्षा थंड वस्तूलाच उष्णता देता येते. बाहेरची हवा चाळिशीला टेकलेली असताना पिलाने ती द्यावी कोणाला? एकच वाट उरते, बाष्पीभवनाची. चोच उघडून धापा टाकायच्या. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० ज्यूल लागतात. तासाला येणारी उष्णता ९,७२० ज्यूल. तेव्हा पिलाने तासाला चार ग्रॅम पाणी उडवले पाहिजे. साठ ग्रॅमच्या जिवाने! साठ किलोच्या माणसाने तासाला चार लिटर घाम गाळावा, असा हा हिशेब झाला.

उदाहरण ढोबळ आहे. घरट्याच्या काटक्यांकडून येणारी उष्णता मी धरली नाही आणि वाऱ्याचाही विचार केला नाही. पण आम्ही तेथे वीस मिनिटे उभे होतो, एवढे लक्षात घेतले तर उत्तर दोन मिनिटांनी चुकले काय आणि पाच मिनिटांनी चुकले काय! फळ्यावरचे ७८ हा आकडा मी त्या दिवशी पुसला नाही.

त्यानंतर आम्ही नियम केला. बांधावरच्या लिंबाच्या पुढे पाऊल टाकायचे नाही. तेथून झाडे दीडशे-दोनशे मीटरवर होती, आणि आम्ही बसलो-उठलो तरी पक्षी आमची दखल घेत नसत. मीच माझ्या खर्चाने तिवईवरची एक मोठी दुर्बीण घेतली. बाभळींचे चित्र काढून घरट्यांना क्रमांक दिले आणि दर रविवारी सकाळी साडेसहापासून आळीपाळीने नोंदी सुरू केल्या. पुढची सगळी मजा त्या लिंबाखाली बसून पाहिलेली आहे.

पहिला शोध त्याच मुलीचा. घरट्यावरचा करकोचा उन्हात पंख पसरून उभा राहतो हे सगळ्यांनी पाहिले होते. तिने दर अर्ध्या तासाला त्याची पाठ कोणत्या दिशेला आहे ते लिहून ठेवले. सकाळी नऊला पाठ पूर्वेला. अकराला आग्नेयेला. दुपारी दीडला नैर्ऋत्येकडे झुकलेली. चारला पश्चिमेला. पक्षी सूर्याकडे पाठ करून, पंख छत्रीसारखे खाली झुकवून, सूर्याबरोबर सरकत होता. घड्याळाचा काटाच जणू. आणि पिलेही खुळी नव्हती. सावली सरकली की तीही आपली खुरडत सावलीत जात. दीड मीटर पंखांच्या त्या छत्रीखाली तीन पिलांना पुरेशी जागा होते.

पिले सावलीत, पण छत्री स्वतः उन्हात! तिचे काय? मोठ्या पक्ष्याचे वजन अडीच-तीन किलो असते, पांढरी पिसे ऊन परतवतात, पिसांच्या खाली अडकलेली हवा उष्णतेला वाट देत नाही. तरीही तो तापतोच. मग तो एक युक्ती करतो, ती वाचून काही जण नाक मुरडतील. करकोचा आपल्याच पायांवर पातळ विष्ठा सोडतो. चित्रबलाकाचे पाय मुळात फिकट गुलाबी असतात, पण दुपारी पाहा, चुना फासल्यासारखे पांढरे दिसतात. पायांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. ओल वाळताना ग्रॅममागे २,४०० ज्यूल उष्णता पायातल्या रक्तातून निघून जाते आणि ते गार झालेले रक्त अंगात फिरते. माठातले पाणी गार होण्याचेच तत्त्व. चित्रबलाकाचा अमेरिकेतला सख्खा भाऊबंद म्हणजे वुड स्टॉर्क. फिलिप काल या शास्त्रज्ञाने १९६३ साली त्याच्यावर प्रयोग करून ही गोष्ट दाखवून दिली. जसजसे तापमान चढते, तसतसा पक्षी हे काम अधिक वेळा करतो.

दोनदा आम्हाला आणखी एक दृश्य दिसले. दुपारी बाहेरून आलेला करकोचा घरट्यावर उतरला आणि मासे ओकण्याऐवजी त्याने चोचीतून पाण्याची धार पिलांच्या अंगावर सोडली. एका मुलाने लगेच हिशेब केला. ५० ग्रॅम पाणी म्हणजे १,२०,००० ज्यूल, म्हणजे तीन पिलांची चार तासांची सोय! मी त्याला सांगितले की निम्मे पाणी काटक्यांतून खाली गळते ते वजा कर. तो म्हणाला, "मग दोन तास. तरी बरंच की, सर."

घरट्यावर एक पालक हवाच, तेव्हा अन्न आणायला एकच मोकळा राहतो. नर आणि मादी पाळीपाळीने जातात. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत पक्षी फारसे हलत नाहीत. जमीन तापून तिच्यावरची हवा वर चढू लागली, की ते उडतात, दोन-चार वेळा पंख मारतात आणि मग पंख ताठ ठेवून घिरट्या घालीत वर वर जातात. पुरेशी उंची मिळाली की त्याच ताठ पंखांनी उजनीच्या दिशेने घसरत जायचे. जाण्याचे भाडे सूर्याने भरले! जो सूर्य घरट्यातल्या पिलाच्या जिवावर उठलेला असतो, तोच बापाला फुकट वर उचलतो, हे मला फार गमतीचे वाटते.

उजनीच्या फुगवट्याच्या पाण्यात तो मासा कसा पकडतो, हे पाहायला आम्ही एकदा वाट वाकडी करून काठावर गेलो. बगळ्याची आणि करकोच्याची पद्धत अगदी निराळी आहे. राखी बगळा पुतळ्यासारखा उभा राहतो आणि नेमका नेम धरून चोच भाल्यासारखी मारतो. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्यातली वस्तू खऱ्या खोलीच्या पाऊणपटच खोल दिसते, तेव्हा दिसतो तेथे मासा नसतोच. बगळ्याला हे कोणी शिकवलेले नाही, तरी तो नेम सुधारून मारतो. चित्रबलाकाला या कटकटीशी कर्तव्यच नाही. तो पाण्याकडे पाहतदेखील नाही. चोच अर्धी उघडी ठेवून पाण्यात बुडवतो, डावी-उजवीकडे फिरवतो, पायाने चिखल ढवळतो, मधेच एक पंख झटकन उघडतो. बिथरलेला मासा चोचीला लागला की चोच मिटते. वुड स्टॉर्कच्या बाबतीत हा वेळ मोजला गेला आहे. स्पर्शापासून चोच मिटेपर्यंत २५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा चाळिसावा भाग. तुमच्या बोटाला चटका बसल्यावर हात मागे यायलाही याच्या काही पट वेळ लागतो.

अशा आंधळ्या शिकारीला गढूळ पाणी चालते, पण एक अट असते. पाणी उथळ हवे आणि त्यात मासे दाटीने हवेत. विरळ असले तर दिवसभर चोच फिरवूनही काही हाती लागायचे नाही. उन्हाळ्यात पिले काढण्याचे कोडे येथे सुटते. भरतपूरला हाच पक्षी पावसाळ्याच्या अखेरीस, ऑगस्टपासून पुढे घरटी करतो, कारण तेथे तेव्हा उथळ पाणी आणि त्यात मासळी मुबलक असते. आपल्याकडे भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि इंदापूर तालुक्याच्या सीमेवर अफाट जलाशय पसरला. पावसाळ्यात तो भरतो आणि हिवाळ्यापासून उतरू लागतो. पाणी मागे हटते तसे डबके, चिखल, उथळ पट्टे उघडे पडतात आणि मासे त्यांत कोंडले जातात. पळसदेवचे बुडालेले जुने देऊळ पाण्याबाहेर डोकावू लागले की माणसे म्हणतात, धरण खाली गेले. करकोच्याच्या दृष्टीने तेव्हा ताट वाढलेले असते. पिलांची भूक सर्वांत मोठी असते तीही याच वेळी. उन्हाचा धोका पत्करून पक्ष्यांनी उन्हाळा निवडला, तो माशांसाठी.

हे ताट रिकामेही राहू शकते. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यांतला ६३ टीएमसीच्या आसपासचा मृतसाठा. पाणी त्याच्या खाली गेले की आमच्या भागात 'उजनी मायनसमध्ये गेली' असे म्हणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ५० टक्क्यांच्याही खाली उतरली होती. तेव्हा भिगवणकडच्या टोकाला पाणी काठापासून दूर सरकते आणि करकोच्याची खेप लांबते. भादलवाडीचा तलाव आटला तर आणखी एक संकट. बाभळीभोवतालचे पाणी हा किल्ल्याचा खंदक आहे. तो कोरडा पडला की कुत्री, रानमांजरे आणि आमच्यासारखे हौशी लोक थेट बुंध्याशी पोहोचतात.

खंदक नसेल तर दुसरे संरक्षण लागते. इंदापूर गावात हेच पक्षी कचेरीच्या आवारातल्या जुन्या चिंचांवर घरटी करीत आले आहेत. खाली माणसांची वर्दळ, गाड्या, आणि वर करकोच्यांचा संसार. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात कोक्करेबेल्लूर हे गाव तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तेथेही चिंचाच. खाली पडणारी विष्ठा लोक खत म्हणून शेतात नेतात आणि पक्ष्यांना घरच्या लेकींसारखे मानतात. वास येतो, अंगावर शिंतोडे उडतात, अर्धा मासा डोक्यावर पडतो, हे सगळे सोसून माणसे त्यांना राहू देतात. खंदकाचे काम तेथे माणसांची सवय करते.

आता सात नंबरच्या घरट्याविषयी. आमच्या लिंबासमोर ते अगदी उघड्यावर होते. एप्रिलच्या पहिल्या रविवारी त्यात तीन डोकी दिसली, एक मोठे, एक मध्यम, एक लहान. ही तीन मापे योगायोगाने आलेली नव्हेत. मादी दोन ते पाच अंडी घालते, पण एकदम नव्हे, एक-दोन दिवसांच्या अंतराने. उबवणे मात्र आधीच सुरू होते. त्यामुळे महिनाभराने पिलेही मागेपुढे बाहेर येतात आणि पहिल्याला धाकट्यापेक्षा चार-पाच दिवसांची आघाडी मिळते. पालक मासे भरवीत नाही. तो ते घरट्याच्या मधोमध ओकतो आणि ज्याची मान लांब त्याला पहिला घास मिळतो.

दुसऱ्या रविवारी धाकटे अजून धडपडत होते. तिसऱ्या रविवारी थोरला त्याच्या दुप्पट दिसू लागला. एक विद्यार्थी मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, मी झाडावर चढू शकतो. पहाटे ऊन नसतं. एक मासा फक्त धाकट्याच्या पुढे टाकतो." मी नाही म्हणालो. का नाही, हे त्याला समजावताना मला बराच वेळ लागला. एका घरट्याशी चढले की शेजारची पंधरा घरटी उठतात, काळोखात दचकलेली पिले खाली पडतात, आणि खाली पडलेल्या पिलाला पालक भरवीत नाहीत. शिवाय ज्या वर्षी मासे भरपूर असतात, त्या वर्षी तिसराही जगतो, ज्या वर्षी नसतात त्या वर्षी निदान दोघे जगतात. तिघांना सारखे वाटले असते तर वाईट वर्षी तिघेही गेले असते. त्याने ऐकून घेतले. पटले असे काही तो म्हणाला नाही. चौथ्या रविवारी सात नंबरमध्ये दोनच डोकी होती. त्याने नोंदवहीत तारीख घातली, '२' लिहिले आणि वही पुढच्याकडे दिली. अकरा नंबरमध्ये मात्र तिन्ही पिले शेवटपर्यंत टिकली, हेही त्याच वहीत आहे.

एव्हाना सात नंबरवर दुपारी कोणीच पालक नसे. दोघेही एकदम मासे आणायला जात. पिले उन्हातच उभी असत. आमच्या हिशेबाप्रमाणे ती मरायला हवी होती. पुन्हा फळा. पिलू आता दीड किलोचे धरा. वस्तुमान २५ पट झाले, पण क्षेत्रफळ त्या प्रमाणात वाढत नाही. घनफळ लांबीच्या घनाने वाढते, क्षेत्रफळ वर्गाने. २५ च्या घनमुळाचा वर्ग काढा, ८.५ येतो. म्हणजे ऊन साडेआठ पट मिळते आणि ते वाटून घ्यायला पंचवीस पट शरीर असते. अंशामागे ७८ सेकंद होते, ते आता २३० झाले. त्यात अंगावर दाट पांढरी लव आली, धापा टाकायचे बळ आले, आणि दुर्बिणीतून पाहिले तर दोघांचेही पाय चुन्यासारखे पांढरे! युक्ती त्यांनाही येऊ लागली होती.

मेच्या १२-१३ तारखेला आमच्या अक्षांशावर सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मुलांना कुतूहल होते, की अशा वेळी करकोचा पाठ कोणाकडे करील? उशिरा बांधलेल्या वीस नंबरच्या घरट्यात तेव्हा लहान पिले होती. साडेबाराला सगळे दुर्बिणीभोवती जमले. करकोच्याने कोणाकडेच पाठ केली नाही. त्याने पंख दोन्ही बाजूंना आडवे पसरले, मान आत ओढून घेतली आणि पिलांच्या बरोबर वर, पाय फाकवून उभा राहिला. पिले त्याच्या दोन पायांच्या मध्ये शिरली. तक्त्यात दिशेच्या रकान्यात त्या मुलीने एक टिंब काढले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नैर्ऋत्येकडून ढग येऊ लागले. सात नंबरची दोन्ही पिले, करड्या-तपकिरी रंगाची, आईबापांच्या गुलाबी रंगाचा अजून मागमूस नसलेली, वाऱ्याकडे तोंड करून पंख मारीत. एक जण हातभर वर उचलला जाई आणि पुन्हा काटक्यांवर आदळे. सकाळी आठच्या सुमारास वाऱ्याचा एक झोत आला. थोरला उचलला गेला, पण या वेळी खाली आला तो घरट्यावर नव्हे. भेदरलेल्या पंखांनी पाण्यावरून वेडावाकडा उडत तो पलीकडच्या बाभळीवर धडकला, फांदीला लोंबकळला, सावरला आणि चोच उघडी टाकून बसला. लिंबाखाली टाळ्या वाजणार होत्या, पण मुलांनी हात वर नेऊन तसेच थांबवले.

पुढच्या आठवड्यात पाऊस आला आणि आमच्या रविवारच्या फेऱ्या थांबल्या. जुलैत एके दिवशी तास संपल्यावर ती मुलगी दारात उभी होती. चपला चिखलाने भरलेल्या होत्या. "सर, सापडलं," ती म्हणाली. "ओढ्याच्या कडेच्या बाभळीवर. डोकं केशरी झालेला गायबगळा काटक्या नेतोय. तेवीस घरटी मोजली." मी विचारले, "किती लांबून?"

"रस्त्यावरूनच, सर."